तारेतला पीळ कशासाठी असतो? स्थानिक संगणक-जाळ्यातील केबलचे प्रकार

संगणकाला नेटवर्कशी जोडणाऱ्या केबलचे वरचे आवरण सोलले, तर आत आठ बारीक, रंगीत तारा दिसतात. त्या सुट्या नसतात; दोन-दोन तारा एकमेकींभोवती पिळून त्यांच्या चार जोड्या केलेल्या असतात, आणि जरा निरखून पाहिले तर चारही जोड्यांचा पीळ सारखा नाही, एकीचे वेढे दाट आहेत तर दुसरीचे विरळ, हेही ध्यानात येते. हा पीळ तारा गुंतू नयेत म्हणून दिलेला नाही. एका खोलीतले, एका मजल्यावरचे किंवा एका आवारातले संगणक जोडणारे जे स्थानिक जाळे असते, ज्याला आपण लॅन म्हणतो, त्याच्या केबलचे इतके प्रकार का झाले हे समजून घ्यायचे असेल, तर या पिळापर्यंत पोचावेच लागते. आणि त्यासाठी तारेतून नेमके काय जाते, ते आधी पाहावे लागते.

तारेतून माहिती वाहते असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात पाठवणारे यंत्र तारेवरील विद्युतदाब ठरावीक रीतीने वरखाली करते आणि पलीकडचे यंत्र तो चढउतार वाचून त्यातून शून्य आणि एक यांची मालिका पुन्हा जुळवते. लॅनमधल्या यंत्रांनी केबलवरून एकमेकांशी बोलण्याची जी प्रमाणित पद्धत आहे तिला इथरनेट म्हणतात; आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या गिगाबिट, म्हणजे सेकंदाला १०० कोटी शून्य-एक पाठवणाऱ्या, इथरनेटमध्ये प्रत्येक जोडीवर सेकंदाला १२.५ कोटी वेळा ही पातळी ठरवली जाते, म्हणजे प्रत्येक पातळीच्या वाट्याला सेकंदाचे अवघे ८ अब्जांश येतात, आणि तेवढ्या वेळात पाच संभाव्य पातळ्यांपैकी ती कोणती, हे पलीकडच्या यंत्राला ओळखावे लागते. इतक्या नाजूक संदेशाच्या वाटेत चार अडचणी उभ्या असतात. अंतर वाढेल तसा तो क्षीण होतो. आजूबाजूच्या विजेच्या तारा, मोटारी आणि दिवे त्यात गोंगाट मिसळतात. त्याच केबलमधल्या शेजारच्या जोडीतला संदेश त्यात झिरपतो, ज्याला क्रॉसटॉक म्हणतात. आणि जिथे केबलचा गुणधर्म एकाएकी बदलतो, मग तो सांधा असो, चेपलेली जागा असो की उघडे टोक असो, तिथून संदेशाचा काही भाग उलटा फिरतो. पुढे ज्या ज्या केबल येतील, त्यांच्याकडे या चार अडचणींपैकी कोणती कशी सोडवली, अशा नजरेने पाहिले की प्रकारांची नावे पाठ करावी लागत नाहीत.

एकाच तारेवर सगळे संगणक

इथरनेटचा जन्म १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात झाला. रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी उभारलेले ते जाळे कोॲक्सिअल केबलवर चालत असे. या केबलच्या मधोमध तांब्याची एक तार असते, तिच्याभोवती विद्युतरोधक प्लॅस्टिकचा जाड थर, त्यावर धातूची विणलेली जाळी आणि सर्वांत बाहेर आवरण. ही जाळी संदेशाच्या परतीची वाटही होते आणि बाहेरच्या गोंगाटापासून मधल्या तारेला झाकणारी ढालही. गोंगाटाच्या प्रश्नावरचे हे उत्तर इतके चांगले आहे की केबल टीव्हीच्या जोडणीत ते आजही टिकून आहे.

पुढे प्रमाणित झालेल्या पहिल्या इथरनेटला टेन बेस फाइव्ह असे नाव होते. यातला टेन म्हणजे सेकंदाला १० मेगाबिट वेग आणि फाइव्ह म्हणजे केबलच्या एका सलग तुकड्याची कमाल लांबी, ५०० मीटर. ही केबल जवळजवळ बोटाएवढी जाड आणि ताठ असे. तिच्यावर दर २.५ मीटरवर खूण केलेली असे आणि त्या खुणेवर आवरणात भोक पाडून, आतल्या तारेला टेकेल असा खिळ्यासारखा संपर्क बसवून नवा संगणक जोडला जाई. अशी केबल कोपऱ्यातून वळवणे हे अंगमेहनतीचे काम होते. म्हणून नंतर तिची बारीक आवृत्ती आली. तिच्या एका तुकड्याची मर्यादा १८५ मीटर आणि ३० जोडण्या इतकी होती, आणि प्रत्येक संगणकाच्या पाठीमागे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा सांधा लावून केबल पुढे नेली जाई.

या दोन्ही केबलच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचा रोध बसवणे सक्तीचे होते, आणि त्याचे कारण वर सांगितलेल्या चौथ्या अडचणीत आहे. टोक उघडे राहिले तर तिथे पोचलेला संदेश शोषला न जाता मागे फिरतो आणि मागून येणाऱ्या संदेशात मिसळून दोघांचीही वाट लावतो. केबलच्या अंगभूत गुणाशी जुळणारा रोध टोकाला असला, की संदेशाला केबल जणू पुढे चालूच आहे असे वाटते. याचाच दुसरा अर्थ असा की मध्ये कुठेही एक सांधा निखळला, तर तिथे दोन नवी उघडी टोके तयार होत आणि एका माणसाच्या टेबलामागची सैल जोडणी त्या तुकड्यावरच्या सगळ्यांचे काम बंद पाडत असे. दोष शोधायचा तर केबलच्या वाटेने एकेक सांधा तपासत जाण्यावाचून गत्यंतर नसे. कोॲक्सिअल केबल स्थानिक जाळ्यांतून गेली ती बऱ्याच अंशी या त्रासामुळे.

पिळाचे काम

तारांची जोडी पिळण्याची युक्ती संगणकांपेक्षा पुष्कळ जुनी आहे. टेलिफोनच्या तारांमध्ये शेजारच्या तारांतून शिरणारा गोंगाट कमी करण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली पिळलेल्या जोडीचे पेटंट घेतले होते. तिच्यामागचा विचार अतिशय सुंदर आहे आणि तो सावकाश समजून घेण्याजोगा आहे.

समजा, एका तारेवर आपण संदेश पाठवला आणि त्याच वेळी तिच्या जोडीदार तारेवर त्याचा अगदी उलटा संदेश पाठवला. पहिली जितकी वर जाईल तितकीच दुसरी खाली. पलीकडचे यंत्र कोणत्याही एका तारेकडे न पाहता फक्त दोघींमधला फरक मोजते. आता वाटेत बाहेरून गोंगाट आला, तर तो दोन्ही तारांवर सारख्याच प्रमाणात पडतो, आणि फरक काढताना दोन्हीकडचा सारखा भाग आपोआप वजा होतो. पण इथे एक अट आहे. गोंगाट दोन्ही तारांवर खरोखरच सारखा पडला पाहिजे. दोन तारा नुसत्या समांतर ठेवल्या, तर गोंगाटाच्या जवळ असलेल्या तारेवर तो थोडा अधिक पडेल आणि तेवढा फरक संदेशात शिल्लक राहील. तारा पिळल्या की सेंटिमीटरभर अंतरात आतली तार बाहेर येते आणि बाहेरची आत जाते, त्यामुळे संपूर्ण लांबीचा हिशेब केला तर दोघींच्या वाट्याला गोंगाट जवळपास समसमान येतो. शिवाय जोडीतून बाहेर पडणारे चुंबकीय क्षेत्रही दर वेढ्याला उलटत असल्याने ती जोडी स्वतःही शेजाऱ्यांना फारसा त्रास देत नाही.

चार जोड्यांचा पीळ वेगवेगळा का, याचे उत्तरही इथेच मिळते. शेजारच्या दोन जोड्यांचा पीळ तंतोतंत सारखा असता, तर एका जोडीतली ठरावीक तार दुसऱ्या जोडीतल्या ठरावीक तारेच्या नेहमीच जवळ राहिली असती आणि झिरपणारा संदेश वजा होण्याऐवजी साचत गेला असता. वेढ्यांचे अंतर वेगळे ठेवले की ही जवळीक सतत बदलत राहते.

अशी पिळलेली जोडी वापरणारे १० मेगाबिटचे इथरनेट १९९० साली प्रमाणित झाले, आणि त्याबरोबर जाळ्याची रचनाही बदलली. आता प्रत्येक संगणकापासून स्वतंत्र केबल निघून मध्यवर्ती हबपर्यंत, म्हणजे सगळ्या केबल एकत्र जोडणाऱ्या पेटीपर्यंत, आणि पुढच्या काळात संदेश ज्याचा त्यालाच पोचवणाऱ्या स्विचपर्यंत, जाऊ लागली. एकूण केबल जास्त लागते हे खरे, पण एक केबल तुटली तर एकच संगणक बंद पडतो आणि दोष कुठे आहे ते स्विचवरचा विझलेला दिवा लगेच सांगतो. माझ्या मते वेगापेक्षाही या बदलाने लोकांचा त्रास जास्त कमी केला.

कॅट-५ई, कॅट-६ आणि पुढे

पिळलेल्या जोडीच्या केबलवर छापलेला कॅट हा शब्द कॅटेगरीचा, म्हणजे श्रेणीचा, संक्षेप आहे. ही श्रेणी वेग सांगत नाही; किती मेगाहर्ट्झ (सेकंदाला दहा लाख आवर्तने म्हणजे एक मेगाहर्ट्झ) वारंवारतेपर्यंत ही केबल क्षीणता, क्रॉसटॉक आणि परावर्तन यांच्या ठरवून दिलेल्या मर्यादांत राहते, ते सांगते. कॅट-५ई ही १०० मेगाहर्ट्झपर्यंत, कॅट-६ ही २५० पर्यंत आणि कॅट-६ए ही ५०० मेगाहर्ट्झपर्यंत प्रमाणित आहे. वेग त्यावर चालणारे इथरनेट ठरवते. १९९५ सालचे १०० मेगाबिटचे इथरनेट चारपैकी दोनच जोड्या वापरत होते, एक जाण्यासाठी आणि एक येण्यासाठी. १९९९ साली आलेल्या गिगाबिटने चारही जोड्या कामाला लावल्या आणि प्रत्येक जोडीवरून एकाच वेळी दोन्ही दिशांना संदेश पाठवायला सुरुवात केली; आपण पाठवलेला संदेश आपल्याला ठाऊक असल्यामुळे तो वजा करून समोरून आलेला वाचता येतो. यातून दोष ओळखण्याची एक उपयोगी खूण मिळते. गिगाबिटची यंत्रे असूनही जोडणी १०० मेगाबिटवरच अडकली असेल, तर उरलेल्या दोन जोड्यांपैकी एखादी तार तुटली आहे किंवा नीट बसलेली नाही, असा संशय सर्वांत आधी घ्यावा.

गिगाबिटसाठी कॅट-५ई पुरेशी आहे. तिने १०० मीटरपर्यंत तो वेग देणे हे प्रमाणातच गृहीत आहे, आणि केवळ वेग वाढेल या आशेने त्याच यंत्रांना कॅट-६ लावली तर काहीही वाढत नाही. सेकंदाला १० गिगाबिटचा वेग हवा असेल तेव्हा गोष्ट बदलते. कॅट-६ त्या वेगाला अनुकूल परिस्थितीत साधारण ५५ मीटरपर्यंत साथ देते, तर कॅट-६ए पूर्ण १०० मीटर. या वेगाला एकाच गठ्ठ्यात शेजारी बांधलेल्या केबल एकमेकींना उपद्रव देऊ लागतात, आणि तो उपद्रव यंत्राला वजा करता येत नाही, कारण शेजारच्या केबलमध्ये काय चालले आहे हे त्याला माहीत नसते. कॅट-६ए जाड असण्याचे एक कारण हेच. जास्त अंतर राखणे हाही एक उपाय असतो. दरम्यान जुन्या इमारतींतल्या कॅट-५ई केबल फुकट जाऊ नयेत म्हणून २०१६ साली २.५ आणि ५ गिगाबिटचे मधले वेगही प्रमाणित झाले. कॅट-८ ही २००० मेगाहर्ट्झची केबल ३० मीटरपुरतीच आहे आणि ती सर्व्हरच्या कपाटांसाठी आहे. घरी किंवा कार्यालयात टेबलापर्यंत ती ओढण्यात काही अर्थ नाही.

वर येणाऱ्या १०० मीटरच्या मर्यादेचीही फोड करायला हवी. त्यांतले ९० मीटर भिंतीतल्या किंवा छतावरच्या कायमच्या केबलसाठी आणि १० मीटर दोन्ही बाजूंच्या पॅच कॉर्डसाठी, म्हणजे यंत्राला जोडायच्या सुट्या आखूड केबलसाठी, असे मानले जाते. कायमच्या केबलमध्ये प्रत्येक तार एकसंध तांब्याची असते. तिच्यात संदेश कमी क्षीण होतो, पण वारंवार वाकवल्यास ती तुटते. पॅच कॉर्डमधली तार अनेक बारीक तंतूंची असते, त्यामुळे ती लवचीक असते आणि क्षीणतेत थोडी मागे पडते. एकीचे काम दुसरीकडून घेऊ नये.

ज्या केबलमध्ये जोड्यांवर धातूचे आवरण नसते तिला यूटीपी म्हणतात आणि बहुतेक जागी तीच योग्य असते. कारखान्यातल्या मोठ्या मोटारी, वेल्डिंग यंत्रे किंवा विजेच्या जाड तारांच्या शेजारून केबल न्यावी लागत असेल, तर शिल्डेड केबल घेतात. तिच्यात सगळ्या जोड्यांभोवती मिळून किंवा प्रत्येक जोडीभोवती वेगळा धातूचा पापुद्रा असतो. केबलवर तिरक्या रेघेने तोडलेली अक्षरे छापलेली असतात. रेघेआधीचे अक्षर संपूर्ण केबलभोवतीचे आवरण सांगते आणि रेघेनंतरचे अक्षर प्रत्येक जोडीभोवतीचे. मात्र या पापुद्र्याला सांध्यांसकट सलग अर्थिंग मिळाले पाहिजे. ते न देता शिल्डेड केबल टाकणे म्हणजे जादा पैसे मोजून संरक्षण मिळाल्याचे नुसते समाधान मानणे होय.

टोक बसवताना काय बिघडते

केबल कितीही उत्तम असली तरी तिची परीक्षा टोकांवर होते. आठ खाचांच्या ज्या प्लगला सगळे आरजे-४५ म्हणतात, त्यात तारा लावण्याचे ५६८-ए आणि ५६८-बी असे दोन क्रम आहेत. ५६८-बी मध्ये पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा क्रम येतो आणि ५६८-ए मध्ये नारिंगी व हिरव्या जोड्यांची अदलाबदल होते. दोन्ही क्रम सारखेच चांगले आहेत. दोन्ही टोकांना एकच हवा, एवढीच अट आहे. पूर्वी दोन संगणक थेट जोडण्यासाठी एका टोकाला ए आणि दुसऱ्याला बी लावून उलटी केबल करावी लागे, पण आताची यंत्रे ती अदलाबदल स्वतःच करून घेतात.

या क्रमात एक विचित्र गोष्ट दिसते. तिसऱ्या आणि सहाव्या खाचेतल्या तारा एकाच जोडीच्या असतात आणि त्यांच्या मध्ये दुसरी जोडी बसते. टेलिफोनच्या जोडणीत मधल्या दोन खाचा वापरल्या जात असल्याने ही रचना आली. ज्याला हे ठाऊक नाही तो जोड्या शेजारी-शेजारी लावत जातो आणि दोन्ही टोकांना तसेच करतो. साध्या टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागतात, कारण पहिली खाच पहिल्या खाचेला आणि आठवी आठव्या खाचेला बरोबर पोचलेली असते. पण तिसऱ्या आणि सहाव्या खाचेवरचा संदेश आता दोन वेगवेगळ्या जोड्यांतल्या तारांवरून जातो. त्या तारा एकमेकींभोवती पिळलेल्या नाहीत, म्हणून गोंगाट वजा होत नाही आणि क्रॉसटॉक भरमसाट वाढतो. अशी केबल छोट्या अंतरावर रडतखडत चालते, तिच्यावरची जोडणी मध्येच तुटते, आणि दोष यंत्रांमध्ये आहे असे समजून लोक स्विच बदलत बसतात. पीळ किती मोलाचा आहे याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला सापडलेले नाही. याच कारणाने प्लग किंवा जॅक बसवताना जोडीचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा अधिक उलगडू नये असा दंडक आहे.

ओढतानाही जपावे लागते. केबलला तिच्या जाडीच्या चौपटीपेक्षा लहान त्रिज्येचे वळण देऊ नये, ती जोर लावून ताणू नये आणि प्लॅस्टिकचे पट्टे तिच्यात रुततील इतके आवळू नयेत, कारण या प्रत्येक कृतीने आतल्या जोड्यांची मांडणी विस्कटते. विजेच्या तारांपासून तिला अंतरावर ठेवावे आणि ओलांडायचेच असेल तर काटकोनात ओलांडावे.

खरेदीत सर्वाधिक फसवणूक होते ती धातूत. ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ मुलामा दिलेली केबल दिसायला तांब्याचीच वाटते आणि छोट्या अंतरावर चालतेही, कारण उच्च वारंवारतेचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागालगतच वाहतो आणि तिथे तांबे असते. पण तिचा एकूण रोध तांब्याच्या तारेच्या सुमारे दीडपट असतो. हे विशेषतः तेव्हा भोवते, जेव्हा त्याच केबलमधून कॅमेऱ्याला किंवा वाय-फायच्या यंत्राला वीजही पुरवायची असते. या वीजपुरवठ्याचे २००३ साली प्रमाणित झालेले रूप स्रोतापाशी १५.४ वॉट देत होते, तर २०१८ सालच्या प्रमाणात ही मर्यादा ९० वॉटपर्यंत गेली. एवढी वीज जादा रोधाच्या तारांच्या बांधलेल्या गठ्ठ्यातून नेली की तारा तापतात. शिवाय ॲल्युमिनियम वाकवल्यावर लवकर मोडते आणि जॅकमधली त्याची पकड कालांतराने सैल होते. सर्व मान्य श्रेणींना शुद्ध तांबेच अभिप्रेत आहे, त्यामुळे अशा केबलवर कॅट-६ असे छापलेले असले तरी तिला कॅट-६ म्हणता येत नाही.

काचेचा धागा

तांब्याच्या सगळ्या अडचणी विजेतून येतात, मग विजेऐवजी प्रकाश वापरला तर? ऑप्टिकल फायबरमध्ये अतिशुद्ध काचेचा गाभा असतो आणि त्याभोवती किंचित वेगळ्या काचेचे १२५ मायक्रोमीटर व्यासाचे वेष्टण असते. गाभ्यातून तिरका जाणारा प्रकाश या वेष्टणाच्या सीमेवर आदळून पूर्णपणे आत परततो आणि असा पुढे सरकत राहतो. १९६६ साली चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवून दिले, की काचेत प्रकाश विझतो तो मुख्यतः तिच्यातल्या अशुद्धींमुळे, आणि किलोमीटरला २० डेसिबलपेक्षा कमी क्षय होईल इतकी शुद्ध काच मिळाली तर संदेशवहन शक्य आहे. २० डेसिबल म्हणजे किलोमीटरभरात शंभरातला एक भाग उरणे. तेवढेही त्या वेळी अवघड होते. १९७० साली कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी ती मर्यादा गाठली. आजच्या उत्तम फायबरमध्ये तेवढाच क्षय होण्यासाठी प्रकाशाला सुमारे १०० किलोमीटर जावे लागते. काओ यांना २००९ साली भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

फायबरचे दोन मुख्य प्रकार आहेत. मल्टिमोडचा गाभा ५० किंवा ६२.५ मायक्रोमीटरचा असतो. रुंद गाभ्यात प्रकाश सोडणे सोपे जाते आणि त्यासाठीची यंत्रे स्वस्त पडतात, पण त्यात प्रकाशाला अनेक वाटा मिळतात, काही सरळ तर काही नागमोडी. त्या वेगवेगळ्या वेळी पोचतात, त्यामुळे अंतर वाढेल तसा प्रकाशाचा स्पंद पसरत जातो आणि पुढच्या स्पंदात मिसळतो. म्हणून १० गिगाबिटसाठी ओएम-३ या दर्जाची मल्टिमोड ३०० मीटरपर्यंत आणि ओएम-४ ही ४०० मीटरपर्यंत मानली जाते. सिंगलमोडचा गाभा सुमारे ९ मायक्रोमीटरचा, म्हणजे प्रकाशाला एकच वाट मिळेल इतका अरुंद असतो, आणि तोच १० गिगाबिटचा वेग तिच्यावर सहज १० किलोमीटर जातो. आवरणाच्या रंगावरून ओळख पटते: सिंगलमोड पिवळी, जुनी मल्टिमोड नारिंगी आणि ओएम-३ व ओएम-४ बहुधा फिक्या निळसर-हिरव्या रंगाची.

फायबरमध्ये संदेश जास्त वेगाने धावतो ही समजूत मात्र खरी नाही. काचेतला प्रकाश आणि तांब्यातला संदेश, दोघेही साधारण सेकंदाला दोन लाख किलोमीटरने, म्हणजे पोकळीतल्या प्रकाशाच्या वेगाच्या दोन-तृतीयांशाने जातात. फायबरचे श्रेष्ठत्व असे, की तिच्यात संदेश फार कमी क्षीण होतो, बाहेरचा विद्युत गोंगाट तिला स्पर्श करत नाही आणि त्यामुळे एका सेकंदात कितीतरी अधिक स्पंद ओळखता येतात. तिच्यातून वीज वाहत नाही, हाही मोठा गुण आहे. दोन इमारतींचे अर्थिंग वेगळे असते आणि त्यांच्यात दाबाचा फरक असू शकतो. तांब्याची केबल तो फरक, आणि वीज कोसळल्यावर निर्माण होणारा तडाखा, थेट यंत्रांपर्यंत पोचवते. म्हणून इमारतींमधली जोडणी अंतर कमी असले तरी फायबरनेच करावी, असे माझे ठाम मत आहे.

फायबर हाताळताना दोन पथ्ये पाळावीत. तिच्या टोकावरचा धुळीचा कणही गाभ्याएवढा मोठा असू शकतो, म्हणून जोडण्यापूर्वी टोक प्रत्येक वेळी पुसावे. आणि जोडलेल्या फायबरच्या टोकात कधीही डोकावून पाहू नये. तिच्यातला प्रकाश अवरक्त असतो, तो दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

एकाच कपाटातले सर्व्हर आणि स्विच जोडायचे असतील, तर दोन्ही टोकांना प्लग कायमचे बसवलेली तांब्याची आखूड केबल, जिला डॅक म्हणतात, काही मीटरपर्यंत उत्तम काम करते. गंमत म्हणजे तिच्या आत पुन्हा कोॲक्सिअल रचनेच्याच तारा असतात.

नव्याने जाळे टाकताना आजच्या गरजेइतकाच विचार भिंतीचा करावा. स्विच काढून दुसरा ठेवायला पाच मिनिटे लागतात, भिंतीतली केबल बदलायला भिंत उकरावी लागते. टेबलांपर्यंत शुद्ध तांब्याची कॅट-६ किंवा कॅट-६ए, मजल्यांमध्ये फायबर आणि इमारतींमध्ये सिंगलमोड ही मांडणी दीर्घकाळ पुरते. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक चिकटवावा, केवळ दिवे लावणाऱ्या टेस्टरवर न थांबता क्रॉसटॉक आणि परावर्तन मोजणाऱ्या यंत्राने तिची चाचणी करून नोंद ठेवावी, आणि भिंतीतल्या नळीत एक रिकामी ओढदोरी सोडून द्यावी, म्हणजे पुढची केबल तिला बांधून ओढता येईल.